लंडनच्या अंधारातील पावले

दिवाळीचा अंक हाती येतो तेव्हा दारात आकाशकंदील लागलेला असतो, ताटात चकल्या असतात आणि मुलांच्या फटाक्यांनी कान किटलेले असतात. अशा वेळी अंधाराविषयी आणि खऱ्या बाँबविषयी लिहिणे औचित्याला धरून नाही, असे कोणी म्हटले तर मी वाद घालणार नाही. परंतु ज्या कलाकृतीविषयी मला लिहायचे आहे ती अंधारातच जन्मली, आणि तिचा आस्वादही अंधारात बसूनच नीट घेता येतो. तेव्हा वाचकांनी थोडा वेळ मनातल्या मनात दिवे मालवावेत, एवढीच माझी विनंती आहे.

आपण नाटकावर लिहितो, कादंबरीवर लिहितो, रात्रभर चाललेल्या गाण्याच्या बैठकीवरही लिहितो. नभोवाणीवरील कार्यक्रमावर मात्र टीकालेख लिहावा असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. याचे कारण उघड आहे. पुस्तक कपाटात राहते, नाटकाचा पुन्हा प्रयोग होतो. नभोवाणीवरचा शब्द उच्चारला गेला की हवेत विरतो. पण काही कार्यक्रमांच्या ध्वनिमुद्रिका सुदैवाने राहिल्या आहेत. त्यांतली एक मी गेल्या काही वर्षांत वरचेवर ऐकत आलो. कार्यक्रम अर्ध्या तासाचा, नाव ‘लंडन आफ्टर डार्क’. अंधार पडल्यावरचे लंडन. तारीख २४ ऑगस्ट १९४०, वार शनिवार.

थोडी पार्श्वभूमी सांगितली पाहिजे. जून १९४० मध्ये फ्रान्स पडला. इंग्लंड आणि जर्मनी यांच्यामध्ये आता फक्त समुद्राची एक चिंचोळी पट्टी राहिली होती, आणि तिच्यावर आकाशात रोज लढाई चालली होती. अमेरिका युद्धात नव्हती. तिथले लोक रात्रीच्या जेवणाला बसत तेव्हा लंडनमध्ये मध्यरात्र होत आलेली असे. त्या जेवणाच्या टेबलापर्यंत लंडनची एक रात्र जशीच्या तशी पोहोचवायची, असा बेत अमेरिकेच्या कोलंबिया ब्रॉडकास्टिंग सिस्टिमने आणि बी.बी.सी.ने मिळून आखला. शहरात ठिकठिकाणी ध्वनिक्षेपक मांडले. प्रत्येकापाशी एकेक निवेदक. एकाने आपले बोलणे संपवले की दुसऱ्याने सुरू करायचे. हे सर्व लघुलहरींवरून समुद्रापार न्यूयॉर्कला, आणि तिथून देशभर.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अमेरिकेतील मोठ्या नभोवाणी संस्थांचा त्या काळी असा दंडक होता की आधी मुद्रित केलेले काही ऐकवायचे नाही. अपवाद फार थोडे. म्हणजे जे घडेल ते त्याच क्षणी जाणार; चुकले तर चुकले, बाँब पडला तर पडला. नाटकवाल्यांनाही प्रयोगाची धास्ती असते, पण तिथे निदान तालीम झालेली असते. इथे नायक कोण आणि खलनायक केव्हा येणार हे कोणालाच ठाऊक नव्हते.

सुरुवात एडवर्ड मरो करतो. तो ट्रफाल्गर चौकात, सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्स या चर्चच्या पायऱ्यांवर उभा आहे. तो बोलू लागतो न लागतो तोच हल्ल्याचा इशारा देणारा भोंगा वाजतो. मुद्दाम योजून आणलेला नव्हे, खराच. एखाद्या नाटककाराने पहिल्याच प्रवेशात असा भोंगा घातला असता तर आपण त्याला भडक म्हटले असते. मरो त्याचे काहीही भांडवल करत नाही. भोंगा वाजतो आहे असे सांगतो आणि तो श्रोत्यांना ऐकू देतो. दूरवर शोधदिवा पेटला, तो सांगतो. एक दुमजली बस वळणावरून येते; वरच्या मजल्यावर मोजके मिणमिणते दिवे; अंधारातून जाणाऱ्या जहाजासारखी ती त्याला दिसते. चर्चच्या तळघरात लोकांसाठी आसरा केलेला आहे आणि मरो नेमका त्याच्या दाराशी उभा आहे. आत जाणाऱ्यांच्या पायांत आपली तार येते आहे हे पाहून तो ती बाजूला सरकवतो, आणि तेही श्रोत्यांना सांगतो. मग तो अंधारात पायऱ्या उतरतो, ध्वनिक्षेपक जमिनीलगत नेतो आणि बोलणे थांबवतो.

आता ऐकू येतात ती नुसती पावले. लंडनची माणसे आसऱ्याकडे चालली आहेत.

माझ्या मते या अर्ध्या तासाचा प्राण या काही क्षणांत आहे. पण तो मला एकट्याला उमगला असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. पहिल्या दोन-तीन वेळा ऐकताना माझे लक्ष भोंग्याकडे आणि निवेदकाच्या शब्दांकडे होते. पावलांचा आवाज मी दोन वाक्यांमधली रिकामी जागा म्हणून सोडून दिला होता. गेल्या वर्षी माझी मावशी चार दिवस आमच्याकडे राहायला आली. तिने नव्वदी ओलांडली आहे. डोळ्यांनी कमी दिसते, कान मात्र शाबूत आहेत. तिचे लहानपण गिरगावात, चाळीत गेले. युद्धाच्या दिवसांतले ब्लॅकआउट तिला आठवतात; खिडक्यांच्या काचांवर चिकटवलेले कागद आठवतात. इंग्रजी तिला फारसे येत नाही. मी सहज ती ध्वनिमुद्रिका लावली. भोंगा वाजला तशी ती सावरून बसली. मग पावले आली. मी काही सांगणार तोच तिने हात वर करून मला गप्प केले.

थोड्या वेळाने ती म्हणाली, “अरे, ही माणसं पळत नाहीयेत.”

मी पुन्हा ऐकवले. खरोखरच कोणी पळत नव्हते. भोंगा वाजतो आहे, वर विमाने आहेत, आणि माणसे कामावरून घरी निघाल्यासारखी चालली आहेत. मरोने नेमके हेच ऐकवण्यासाठी ध्वनिक्षेपक जमिनीशी नेला होता. ‘लंडन घाबरलेले नाही’ हे वाक्य त्याला सहज म्हणता आले असते. अशी वाक्ये त्या काळी ढिगांनी म्हटली जात होती आणि ऐकणारे ती निम्म्याने वजा करून ऐकत होते. त्याने पुरावा पुढे ठेवला आणि निष्कर्ष श्रोत्यावर सोडला. इंग्रजी न समजणाऱ्या माझ्या मावशीने तो ऐंशीहून अधिक वर्षांनी, दादरच्या एका खोलीत बसून काढला. साहित्यकृतीच्या यशाची याहून चोख कसोटी मला ठाऊक नाही.

आपल्या काव्यशास्त्रात ‘ध्वनी’ या शब्दाला मोठा मान आहे. आनंदवर्धनाने तो आवाजासाठी वापरला नाही. सरळ न सांगता सुचवलेल्या अर्थासाठी वापरला आणि त्याला काव्याचा आत्मा मानले. नभोवाणीत मात्र या शब्दाचे दोन्ही अर्थ एका जागी भेटण्याची सोय आहे. आवाज हाच सूचनेचे साधन होतो. तरीही बहुतेक नभोनाट्यांत काय होते? दार करकरते, घोडे टापा वाजवतात, वीज कडाडते. आवाज शब्दांची चाकरी करतात. मरोच्या या तुकड्यात नाते उलट झाले आहे. शब्द वाट मोकळी करून बाजूला उभे राहतात आणि आवाज अर्थ सांगतो.

याच नभोवाणी संस्थेवरून दोन वर्षांपूर्वी, ३० ऑक्टोबर १९३८ रोजी, ऑर्सन वेल्सने मंगळावरच्या प्राण्यांनी पृथ्वीवर स्वारी केल्याची श्रुतिका सादर केली होती. बातमीपत्राचा आव, धापा टाकणारा वार्ताहर, स्फोट, किंकाळ्या. काही श्रोते ती खरी समजून घाबरले. किती घाबरले याबद्दल वर्तमानपत्रांनी पुष्कळ अतिशयोक्ती केली, असे पुढे अभ्यासकांनी दाखवले आहे. पण श्रुतिका प्रभावी होती यात शंका नाही. या दोन कार्यक्रमांची तुलना उद्बोधक आहे. खोट्या संकटाला खरे वाटण्यासाठी गोंगाट लागला. खरे संकट आले तेव्हा पावलांचा आवाज पुरला.

बाकीच्या निवेदकांकडे वळू. सगळेच तुकडे सारख्या तोलाचे नाहीत. लॅरी लेस्यूर हवाई हल्ल्यापासून बचाव करणाऱ्या, म्हणजे ए.आर.पी.च्या ठाण्यावर आहे; तिथे माणसे हाक येण्याची वाट पाहत आहेत. त्याचे काम चोख आहे, एवढेच म्हणता येईल. एरिक सेव्हराइड हॅमरस्मिथच्या मोठ्या नृत्यगृहात आहे. शनिवारची रात्र, तरुण-तरुणींची गर्दी, भोंगा होऊनही वाद्यवृंद वाजतो आहे आणि नाच चालू आहे. हा तुकडा मला पावलांच्या जोडीला बसवावासा वाटतो, कारण तिथेही पायच बोलतात. कॅनडाचा बॉब बोमन सॅव्हॉय या श्रीमंती हॉटेलाच्या मुदपाकखान्यात आहे आणि आचाऱ्यांच्या प्रमुखाशी बोलतो आहे. भांड्यांचा आवाज, घाईगर्दी, खाद्यपदार्थांची नावे. गंमत वाटते, पण थोडे अस्वस्थही व्हायला होते. त्याकडे मी पुढे येईन. प्रख्यात लेखक जे. बी. प्रीस्टली व्हाइटहॉल भागातून बोलतो. त्या उन्हाळ्यात रविवारी रात्री होणारी त्याची भाषणे इंग्लंडभर घरोघरी ऐकली जात, आणि ती तशी लोकप्रिय का झाली हे त्याचा आवाज ऐकताच कळते. तरी इथे तो मला उणा वाटतो. तो लेखक आहे. प्रसंगाचा अर्थ सांगितल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. पावले ऐकून आलेल्या कानाला अर्थ आधीच कळलेला असतो.

मरो लेखक नव्हता. वर्तमानपत्रात उमेदवारी केलेला बातमीदारही नव्हता. नॉर्थ कॅरोलिनातल्या एका क्वेकर शेतकरी घरात तो १९०८ मध्ये जन्मला, १९३७ मध्ये लंडनला आला तो इतरांची भाषणे ठरवून देण्याच्या कामासाठी. ‘धिस... इज लंडन’ या त्याच्या सुप्रसिद्ध आरंभात पहिल्या शब्दानंतर जो ठहराव आहे, तो त्याला कॉलेजात वक्तृत्व शिकवणाऱ्या आयडा लू अँडरसन या बाईंनी सुचवला होता. गुरूने एका ठहरावाची जागा दाखवावी आणि शिष्याने त्यावर नाव कमवावे, हे आपल्याकडच्या गाणाऱ्यांना नवे वाटणार नाही. चर्चच्या पायऱ्यांवरची ती शांतता मला त्याच शिकवणीचा विस्तार वाटते.

आता आक्षेप. हा सगळा प्रचार नव्हता का?

होता, निदान प्रचाराच्या कामी येईल अशा बेतानेच तो घडवून आणला होता. अमेरिकेने मदतीला यावे ही ब्रिटनची गरज होती आणि बी.बी.सी.ने तारा, ध्वनिक्षेपक आणि माणसे उगीच दिली नव्हती. स्थळांची निवडही पाहावी. चौक, नृत्यगृह, श्रीमंती मुदपाकखाना. गोदीकामगारांच्या ईस्ट एंडमध्ये कोणीही गेले नाही. त्याच रात्री, कार्यक्रम चालू असताना आणि संपल्यावर, जर्मन विमानांनी टाकलेले बाँब प्रथमच लंडनच्या मध्यवर्ती भागावर आणि ईस्ट एंडमध्ये पडले. त्याला उत्तर म्हणून दुसऱ्या रात्री ब्रिटिश विमाने बर्लिनवर गेली, आणि ७ सप्टेंबरपासून लंडनवर रात्रीमागून रात्री बाँबवर्षाव सुरू झाला. तेव्हा सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त भाजले ते ईस्ट एंडच. ज्यांच्या घरांवर बाँब पडणार होते त्यांचा आवाज या अर्ध्या तासात नाही, आणि सॅव्हॉयचा आचारी आहे. ही उणीव कलेची आहे आणि न्यायाचीही आहे.

पण एवढ्याने कार्यक्रम खोटा ठरत नाही. प्रचार आणि साक्ष यांच्यातला फरक हेतूत शोधू नये. आपल्याला पटवणाऱ्या माणसाने आपल्याला तपासायला जागा ठेवली आहे की नाही, यात तो शोधावा. जमिनीजवळ नेलेला ध्वनिक्षेपक पळणारी पावलेही तितक्याच इमानाने पाठवणार होता. मरोने तो धोका पत्करला. त्याला परवानगी देणाऱ्यांनीही पत्करला. पुढे सप्टेंबरात गच्चीवर उभे राहून, बाँब पडत असताना, आधी लिहून न घेता बोलण्याची परवानगी त्याने खटपटीने मिळवली. जे सरकार आपल्या लोकांची पावले परक्या देशाला ऐकवू देते, त्याचा लोकांवर विश्वास असला पाहिजे, असे माझ्या मनात येई. आणि या कौतुकातच मी हा लेख संपवणार होतो.

पण मावशी ध्वनिमुद्रिका संपल्यावर म्हणाली, “आम्ही पळालो होतो.”

ती १४ एप्रिल १९४४ बद्दल बोलत होती. त्या दुपारी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाला आग लागली. जहाजात सुमारे चौदाशे टन स्फोटके होती आणि कापसाच्या गासड्याही होत्या. चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. शेकडो माणसे मेली, हजारो बेघर झाली, गोदीलगतच्या वस्त्या जळाल्या. भूकंपमापक यंत्रांनी दूर सिमल्याला हादरा नोंदवला. चाळीतल्या काचा फुटल्या, आजोबांनी मुलांना घेऊन जिना उतरला, रस्त्यात जो तो पळत होता. पण कुठून कुठे पळायचे हे कोणाला माहीत नव्हते, कारण काय झाले हेच माहीत नव्हते. “जपान आला असंच सगळे म्हणत होते,” मावशी म्हणाली. “कळलं ते पळणाऱ्या माणसांच्या तोंडून. एक म्हणे बाँब, एक म्हणे बोट.”

मी पुढे वाचले ते असे: या स्फोटाचा तपशीलवार वृत्तांत दुसऱ्याच दिवशी जपानच्या ताब्यातील सायगाव रेडिओने दिला. वार्ताहरांना आपली हकीकत बाहेर पाठवण्याची परवानगी हिंदुस्थानातील युद्धकालीन प्रसिद्धिनियंत्रणाने दिली ती मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात. लंडनचा भोंगा त्याच क्षणी न्यूयॉर्कला ऐकू गेला. मुंबईचा आकांत मात्र आधी शत्रूच्या तोंडून सांगितला गेला.

इथे माझे कौतुक अडले. दोन्ही शहरांवर सरकार एकच होते. लंडनच्या लोकांना खरे कळले तर ते खचणार नाहीत असा त्याचा विश्वास होता. मुंबईच्या लोकांबद्दल तो नव्हता, आणि असण्याचे कारणही नव्हते. ३ सप्टेंबर १९३९ रोजी हिंदुस्थान युद्धात उतरल्याचे व्हाइसरॉयने जाहीर केले ते कोणालाही न विचारता. ज्यांना विचारले नाही त्यांच्या पावलांपाशी ध्वनिक्षेपक कोण नेणार? म्हणून मुंबईने १९४२ मध्ये स्वतःचा ध्वनिक्षेपक उभा केला. उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चालवलेला गुप्त काँग्रेस रेडिओ ऑगस्टअखेरीपासून १२ नोव्हेंबरपर्यंत, जागा बदलत बदलत, बोलत राहिला. सेन्सॉरने दाबलेल्या बातम्या देणे हेच त्याचे मुख्य काम होते. तो पकडला गेला आणि उषाबाईंना चार वर्षांची शिक्षा झाली. कलेच्या दृष्टीने त्याची तुलना मरोशी करण्यात अर्थ नाही. पण एक सारखेपणा मला महत्त्वाचा वाटतो. आपले श्रोते खरे ऐकण्याच्या लायकीचे आहेत, असे दोघांनीही गृहीत धरले होते.

आणि लंडनच्या त्याच अंधारात एक मराठी आवाजही होता. पुण्यात शिकलेल्या वेणू चितळे युद्धकाळात बी.बी.सी.त काम करीत. पुढे जॉर्ज ऑर्वेल तिथल्या पौर्वात्य विभागात आला तेव्हा त्या त्याच्या सहकारी झाल्या. मराठी माणसाला मराठीत युद्धवार्ता सांगण्याचे काम तिथून चाले. घरचे शहर गप्प बसवलेले आणि आपण परक्या शहरातून त्याच्याशी बोलायचे, या कामातला पेच त्यांना जाणवला असेलच, असे मला वाटते. त्यांची ‘इन ट्रान्झिट’ ही कादंबरी १९५० साली प्रसिद्ध झाली. ‘वाटेवर’ असा अर्थ असलेले ते नाव मला या संदर्भात उगीच आठवत राहते.

मग ‘लंडन आफ्टर डार्क’चे मोल माझ्या लेखी कमी झाले का? मी प्रामाणिकपणे विचार केला. नाही झाले. ती पावले आजही खरी आहेत, आणि मरोची शांतता आजही अनेक निवेदकांना धडा घेण्याजोगी आहे. पण आता मी ती ऐकतो तेव्हा तिच्यामागे आणखी एक आवाज कानी येतो, जो कोणी मुद्रित केला नाही: एप्रिलच्या दुपारी गिरगावच्या लाकडी जिन्यावरून धावत उतरणाऱ्या मुलांचा. लंडनची माणसे चालली आणि मुंबईची पळाली, यात धैर्याचा फरक नव्हता. लंडनकरांना काय चालले आहे हे सांगितलेले होते. माणसाला खरे सांगितले तर तो चालतो. न सांगितले तर पळतो. मावशीच्या त्या दोन वाक्यांतून मला एवढे समजले, आणि ते सांगण्यासाठी मी हा लेख लिहिला.

निघण्याच्या आदल्या रात्री तिने ती पावले पुन्हा लावायला सांगितली. ऐकून झाल्यावर म्हणाली, “बरं वाटतं ऐकायला. कुणीतरी चालत होतं.”

असो. आता दिवे लावावेत.